सापाचं विष काढतात ते जातं कुठे? आणि दंशानंतर आपला वेळ जातो कुठे?

रानवाट (धागाकर्ता)

मंडळी, राम राम.

गेल्या रविवारी मखमलाबादच्या एका मळ्यातून फोन आला, कांद्याच्या चाळीत साप शिरलाय. गेलो तर धामण. सहा फुटी, चाळीतल्या उंदरांवर पोसलेली, तेल चोळल्यासारखं चकाकणारं अंग. ती पिशवीत घेईपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली. त्यातल्या एका पोरानं विचारलं, "काका, याचं विष काढून तुम्ही विकता ना? एक तोळा कोटीला जातं म्हणे."

धामण बिनविषारी असते, एवढं त्याला तिथल्या तिथे सांगितलं. पण सतरा वर्षं नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत साप पकडून सोडतोय, आणि हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो. त्याच्या जोडीला दोरी बांधायची का, मांत्रिकाकडे नेलं तर काय बिघडतं, मारलेला साप दवाखान्यात न्यायचा का, हेही येतंच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी विषाचं. मी विष काढत नाही. महाराष्ट्रातला कोणताही सर्पमित्र काढत नाही, आणि कोणी काढत असेल तर तो गुन्हा करतोय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे. साप बाळगायला आणि त्याचं विष काढायला सरकारची परवानगी लागते.

हे काम रीतसर कसं चालतं ते मी एकदा तमिळनाडूत पाहिलं. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना समुद्राच्या रस्त्याला वडनेम्मेली गाव लागतं. तिथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ सालची. हे लोक पूर्वी सापाच्या कातडीच्या धंद्यासाठी साप पकडायचे. बहात्तरच्या कायद्यानंतर तो धंदा बंद पडला आणि शेकडो घरांची चूल विझायची वेळ आली. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली: तेच कसब, पण साप जिवंत ठेवायचा. आज आपल्या देशात प्रतिविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, बनवायला जे विष लागतं, त्यातलं बहुतेक याच संस्थेतून येतं. २०२३ साली त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरातल्याच कुणाला मिळाल्याचा आनंद झाला होता.

तिथे मातीची मडकी मांडून ठेवलेली असतात, तोंडाला सुती फडकं करकचून बांधलेलं. एकेका मडक्यात साप. आत थोडी वाळू, गारवा, अंधार. माझ्यासमोर त्या दादांनी एका मडक्याचं फडकं सोडलं, आकडीनं नाग बाहेर घेतला. अंगात घाई अजिबात नाही. नागानं फणा काढला, एकदा फुत्कारला. त्यांनी आकडी हलकेच मानेवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं डोकं धरलं, जबड्याच्या मागे, अंगठा आणि दोन बोटं. किती दाबायचं, हे सगळं त्या बोटांत असतं. जास्त दाबलं तर सापाची मान जाते, कमी दाबलं तर माणूस. मग काचेच्या भांड्याच्या तोंडावर ताणून बसवलेला पातळ पडदा त्याच्या तोंडापुढे धरला. नाग चावला. दात पडदा फोडून आत गेले आणि काचेच्या आतून पिवळसर, मधासारखा दाट ओघळ उतरला. माझ्या अंदाजानं चहाचा पाव चमचासुद्धा भरला नसता. पंधरा-वीस सेकंदांत सगळं झालं आणि नाग परत मडक्यात.

साप साधारण २१ दिवस ठेवतात, आठवड्यातून एकदा असं चार वेळा विष घेतात आणि मग त्याला रानात सोडून देतात. सोडताना पोटाचा एक खवला किंचित कातरतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा कुणी आणला तर ओळखू येतो. काढलेलं विष गोठवून सुकवतात, त्याचे बारीक खडे होतात. फुरशासारख्या लहान सापाचं एका वेळचं विष सुकून इतकं थोडं भरतं की एक ग्रॅम जमवायला शंभरावर फुरशांचं विष घ्यावं लागतं.

पुढचा प्रवास घोड्यांचा. निरोगी घोड्याला अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत ही विषं टोचतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग त्याचं रक्त घेऊन त्यातला प्रतिपिंडांचा भाग वेगळा करतात, शुद्ध करतात, कुपीत भरतात. आपल्या मुंबईत परळची हाफकिन याच कामासाठी पिढ्यानपिढ्या माहीत आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चार सापांविरुद्ध चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसे.

आता एक छोटा हिशेब. १ मिलिलीटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. कुपी १० मिलिलीटरची, म्हणजे एका कुपीत ६ मिलिग्रॅमचा बंदोबस्त. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. करा भागाकार. दवाखान्यात सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का लावतात, ते इथे कळतं. "दोन बाटल्या दिल्यात, आता घरी न्या" असं कुठे झालं, तर नातेवाइकांनी शांतपणे पण ठामपणे विचारायला हवं.

हे इतकं पोटतिडकीनं लिहितोय त्याचं कारण सांगतो. चार वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यात छाटणीला आलेल्या एका मजूर कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा पहाटे पोट दुखतंय म्हणून रडत उठला. शेडमध्ये सगळे जमिनीवर झोपलेले. अंगावर कुठेच खूण नाही. जवळच्या एका दवाखान्यात गॅसचं औषध देऊन घरी पाठवलं. सकाळी सात वाजता आईनं पाहिलं तर पोराच्या पापण्या उघडत नव्हत्या. मला फोन आला तो साप शोधायला. गोधडीच्या घडीत मण्यार सापडली, करंगळीएवढी जाड. मूल नाशिकला पोचलं नाही.

तमिळनाडूतल्या मडक्यापासून घोड्यामार्गे ती कुपी आपल्या तालुक्यापर्यंत येते. एवढा लांबचा रस्ता ती कापते, आणि आपण शेवटचे दोन तास घालवून बसतो. कुणी भगताकडे, कुणी दोरी शोधण्यात, कुणी "बघू सकाळी" म्हणण्यात. त्या दोन तासांवरच या धाग्यात बोलू या. प्रश्न विचारा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी माझं चुकलं तिथे दुरुस्त करावं.

द्राक्षबाग_निफाड

रानवाट दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही सुरगाणा-पेठची माणसं छाटणीला येतात, शेडमध्येच झोपतात. आजवर डोक्यात आलं नव्हतं.

माझे काही प्रश्न. आमच्याकडे थ्री फेजची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते. अकरा-बाराला मोटर चालू करायला जावं लागतं, पेटीजवळ गवत. घोणस दोनदा दिसली. समजा चावलीच तर वर दोरी बांधायची की नाही? आमचे वडील म्हणतात बांधायची, आणि ब्लेडनं चिरून काळं रक्त जाऊ द्यायचं. कडुनिंबाचा पाला खायला देतात, कडू लागला नाही तर विष चढलं म्हणायचं. आणि साप मारून सोबत न्यायचा का? डॉक्टर विचारतात म्हणे कुठला साप.

भूलतज्ज्ञ

नाशिकमध्ये अतिदक्षता विभागात काम करते. पावसाळ्यात दंशाचे रुग्ण आमच्याकडे सतत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोरी बांधू नका. घोणस आणि फुरसे यांच्या विषानं चावल्या जागेचं मांस सडतं. तुम्ही वरून आवळलं की ते विष त्याच पायात कोंडतं, रक्तपुरवठा थांबतो आणि पाय हातचा जातो. दोरी सोडली की सगळं विष एकदम वर येतं. बांधून आलेला रुग्ण असेल तर आम्हीसुद्धा सलाईन, औषध, सगळी तयारी झाल्यावरच ती सोडतो. तुम्ही वाटेत घाईनं सोडू नका.

चिरू नका. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबलेलं असतं. त्यात ब्लेड मारलं की ती जखम वाहतच राहते. तोंडानं ओढू नका, बर्फ लावू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला काळा दोरा लगेच काढा, कारण सूज चढली की ते मांसात रुततात. हात किंवा पाय लाकडी पट्टी लावून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा, आणि रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल आणि मोटरसायकलच असेल तर रुग्ण मध्ये, मागे धरायला एक माणूस, आणि निघा.

पाल्याच्या परीक्षेचा विषाशी संबंध नाही. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, त्याला कशाचीच चव लागत नाही. उलट, मण्यारीनं घसा लुळा पडत चाललेल्या माणसाला काही खायला घातलं तर ते श्वासनळीत जातं. तोंडावाटे काहीही नको.

साप मारायला जाऊ नका, त्या भानगडीत दुसऱ्याला चावतो. लांबून मोबाईलवर फोटो निघाला तर बरा, नाही निघाला तरी अडत नाही. प्रतिविष चारही सापांना एकच आहे आणि आम्ही लक्षणं बघून ठरवतो.

कशी ठरवतो ते सांगते, कारण नातेवाईक बाहेर तळमळत असतात की "आत नुसतं बसवून ठेवलंय". आम्ही शिरेतून २ मिलिलीटर रक्त घेतो, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत टाकतो आणि नळी स्टँडमध्ये तशीच उभी ठेवतो. २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. वीस मिनिटांनी हलकेच तिरपी करायची. गोठलेलं रक्त जेलीच्या गोळ्यासारखं जागेवर बसून राहतं. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसे, आणि लगेच प्रतिविष सुरू. याला ना मशीन लागतं, ना वीज. सहा तासांनी हीच परीक्षा पुन्हा, आणि रक्त तरीही वाहिलं तर पुन्हा औषध.

नाग आणि मण्यारीची लक्षणं वेगळी. पापण्या जड होतात, दोन-दोन दिसायला लागतं, मान सावरत नाही, आवाज घोगरा होतो, शेवटी श्वास थांबतो. नागाचा दंश दुखतो, सुजतो. मण्यारीचा अनेकदा जाणवतही नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं धडधाकट माणूस पहाटे पोटदुखी, उलटी घेऊन उठलं आणि थोड्या वेळात त्याच्या पापण्या पडू लागल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मण्यार समजा. धाग्यातल्या त्या मुलाचं वाचून मला खूप वाईट वाटलं. असे रुग्ण वेळेत पोचले तर काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून बरे होऊन घरी जातात. मी पाहिलेत.

अजून थोडं. मुलाला आणि मोठ्याला डोस सारखाच, कारण सापानं विष सारखंच सोडलेलं असतं. प्रतिविष सलाईनमधून तासाभरात देतात. चावल्या जागी टोचायचं नाही. दुखतंय म्हणून वाटेत कुठे कमरेत वेदनाशामक इंजेक्शन घेऊ नका. आणि लक्षण नाही म्हणून लगेच घरी नेऊ नका, २४ तास देखरेखीखाली राहू द्या.

पंचवटीकर

दोघांचेही आभार. पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. माझे आजोबा विष उतरवायचे. लांबलांबून माणसं यायची. पैसा घेत नसत, उलट आलेल्याला भाकरी घालत. त्यांच्या हातून माणसं बरी झालेली मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलीत. ते सगळं खोटं होतं का?

रानवाट

दादा, राग कसला. तुमच्या आजोबांनी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री उठून, पैसा न घेता जे माणसाजवळ बसायचे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

पण असं बघा. भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी. आपल्या भागात चावतात त्यात दिवड, तस्कर, कवड्या, धामण, नानेटी किती तरी असतात. कवड्या तर रात्री घरात फिरतो आणि हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो. (ओळख: कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, पट्टे शेपटीकडे स्पष्ट आणि बहुधा जोडीजोडीनं. पण रात्री बॅटरीच्या उजेडात यावर विसंबू नका.) शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंश असतो. ही सगळी माणसं मंत्राशिवायही बरी झाली असती. जी खऱ्या विषाची होती, ती आजोबांच्या ओट्यावरून कुठे गेली, हे कुणी लिहून ठेवलं नाही. आणि त्या काळी तालुक्याला प्रतिविष तरी कुठे होतं? तेव्हा त्यांच्याकडे जाणं हाच उपाय होता. आज दुसरा आहे.

सुरगाण्याची_सिस्टर

मी या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा वर्षं आहे. पंचवटीकर दादांच्या प्रश्नावर आमच्याकडचा अनुभव लिहावासा वाटला.

आमच्याकडे माणूस आधी भगताकडेच जातो. सुरुवातीला मी भांडायचे, चिडायचे. त्यानं काही होत नव्हतं, उलट लोक लपवायला लागले. रुग्ण आला की हाताला अंगारा, पायाला दोरी, आणि "आत्ताच चावला हो ताई". वेळ विचारली की खोटी सांगायचे. मग आमच्या आशाताईंनीच सुचवलं की भगतबाबांनाच बोलावू. तीन पाड्यांचे भगत केंद्रात आले, चहा झाला. मी त्यांना ती काचेची नळी दाखवली, एका घोणशीच्या रुग्णाच्या रक्ताची आणि शेजारी माझ्या स्वतःच्या रक्ताची. दोन्ही तिरप्या केल्या. माझं जागेवर, त्याचं पाण्यासारखं. सगळ्यात वयस्कर बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं काम मनाचं, तुमचं रक्ताचं."

तेव्हापासून ठरलं, मंत्र म्हणायचा तो गाडीत बसून. आता तेच फोन करतात. आषाढात एका बाईला आणलं तेव्हा बाबा सोबत होते. तिचा हात धरून पुटपुटत होते, आणि ती घाबरली नव्हती. तिच्या नाडीवरून मला ते कळत होतं. त्यांच्या असण्याचा मला उपयोगच झाला.

आमच्या अडचणी वेगळ्या आहेत. औषध असतं, पण नवीन डॉक्टर साहेब घाबरतात. प्रतिविष घोड्यापासून आलेलं, काहींना त्याची रिअ‍ॅक्शन येते. अंगावर गांधी, थंडी, दम, रक्तदाब खाली. पण अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज भरून उशाशी ठेवली आणि कुणीतरी जवळ बसून राहिलं तर ती सांभाळता येते. रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं औषध न देता रुग्ण घाटातून नाशिकला पाठवायचा, हे मला पटत नाही. रस्ता दोन-अडीच तासांचा. पहिला डोस इथे सुरू करून मग पाठवला तर तो बोलत पोचतो. मण्यारीच्या एका रुग्णाला सिव्हिलपर्यंत मी आणि चालक दादांचा मदतनीस आळीपाळीनं हातानं श्वास द्यायचा फुगा दाबत घेऊन गेलोय. दुसऱ्या दिवशी माझी बोटं वळत नव्हती. तो माणूस आता आमच्या आठवडे बाजारात तांदूळ विकतो.

भूलतज्ज्ञ

सिस्टर, तुम्ही जे करता त्यावरच आमचं पुढचं सगळं अवलंबून असतं. पहिला डोस खाली लागलेला रुग्ण आणि तसाच आलेला रुग्ण, यांत आम्हाला दारातच फरक दिसतो. घोणशीचा रुग्ण उशिरा आला तर मूत्रपिंडं जातात, मग डायलिसिस. मण्यारीचं विष नसांच्या टोकांनाच इजा करतं. ती झाल्यावर कितीही कुप्या घातल्या तरी पक्षाघात लगेच मागे फिरत नाही, नस पुन्हा भरून येईपर्यंत यंत्रावर ठेवावं लागतं. नागाच्या बाबतीत निओस्टिग्मिनच्या (नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचवायला मदत करणारं औषध) इंजेक्शनाचा थोडा आधार मिळतो, मण्यारीत तो फारसा मिळत नाही.

रिअ‍ॅक्शन येईल का हे बघायला आधी कातडीखाली थोडं टोचून पाहायची पद्धत पूर्वी होती. तिचा उपयोग नाही, वेळ मात्र जातो. नवीन डॉक्टरांनी ती सोडून द्यावी.

सह्याद्री_भटक्या

मी बीएस्सी करतो, सापांची आवड आहे. दोन प्रश्न. हरिहर, अंजनेरीच्या बाजूला हिरवा चापडा दिसतो, तो चावला तर हे प्रतिविष चालतं का? आणि विष तमिळनाडूचं, रुग्ण महाराष्ट्राचा, याने फरक पडतो का? तिसरा प्रश्न मित्राचा आहे. त्याच्याकडे दोन एकर जागा आहे, रीतसर परवाना काढून विषाचं केंद्र काढता येईल का? इंटरनेटवर फार मोठे आकडे दिसतात.

रानवाट

मित्राचं आधी. त्याला सांग, नाद सोड. प्रतिविष बनवणाऱ्या संस्था विष घेतात ते परवानाधारक केंद्राकडून, कुठल्या सापाचं, कुठून पकडलेला, कधी काढलेलं, याच्या नोंदींसह. बाटलीत पिवळी पूड घेऊन "कोटीचा माल" म्हणून फिरणाऱ्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात पकडली जातात ती आपलीच गरीब पोरं. त्या पायी हकनाक साप मरतात ते वेगळंच. वडनेम्मेलीच्या माणसांनी पिढ्यानपिढ्यांचं कसब लावून जे उभं केलं ते सहकारी पोटापाण्याचं काम आहे. त्यात कुणी कोट्यधीश झालेला मी पाहिला नाही.

चापड्यावर हे प्रतिविष बनवलेलंच नाही. सूज येते, खूप दुखतं, दवाखान्यात जायचंच, पण उपचार लक्षणांवर. डॉक्टरांना "हिरवा होता, झाडावर होता" एवढं जरूर सांगा, उगाच कुप्या वाया जाणार नाहीत.

तुझा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फरक पडतो. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. दक्षिणेतल्या विषावर बनलेलं औषध काही भागांतल्या सापांवर कमी जोरानं चालतं, असं त्यातून दिसतं. अर्थ असा घेऊ नका की औषध निरुपयोगी आहे. आज जीव वाचवणारं तेच एक आहे आणि ते घ्यायचंच. पण आपल्याकडच्या घोणशीचं, फुरशाचं विष आपल्याच राज्यात, सरकारी देखरेखीखाली गोळा व्हावं आणि ते घोड्यांना टोचायच्या विषांत जावं, ही मागणी नाशिककरांनीही लावून धरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडलाय, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि आपल्या केंद्र सरकारनं २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी ग्रामीण भागात राहूनच सर्पदंशाचे हजारो रुग्ण बरे केलेत. पुणे रस्त्यावर आपल्यापासून तीन तासांवर हे चालू आहे. मग आपल्या प्रत्येक तालुक्यात का नको?

द्राक्षबाग_निफाड

एक माहितीसाठी विचारतो. आमच्या गावात मागच्या वर्षी एकजण कांदा काढताना घोणस चावून गेला. घरच्यांना काही मदत मिळते का?

पंचवटीकर

मिळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज असतो. सातबारा आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवायला सांगा. माझ्या मेहुण्यांच्या घरी भगताकडेच माणूस गेला, दवाखान्याचा एकही कागद नव्हता, फार हेलपाटे पडले. गेल्याला बराच काळ झाला असेल तर अजून उशीर न करता कार्यालयात जाऊन मुदतीचं विचारा.

आणि रानवाट, तुमचं उत्तर घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजोबा शेवटची काही वर्षं आलेल्याला आधी सिव्हिलला जा म्हणायचे. हे मला माहीतच नव्हतं.

सुरगाण्याची_सिस्टर

निफाडच्या दादा, शेडमधल्या माणसांसाठी एवढं करा. खाटा देता आल्या तर उत्तम. नाहीच जमलं तर मच्छरदाणी द्या, पण ती अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली हवी. नुसती लोंबती ठेवली तर मण्यार खालून शिरते. धान्याची पोती आणि कोंबड्या झोपायच्या जागेपासून लांब, कारण तिथे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. सरपण रात्री अंधारात हातानं ओढायचं नाही. शेडच्या भिंतीवर १०८ आणि तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. त्यांच्याकडे फोन असतो, पण परक्या गावात रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं हे त्यांना ठाऊक नसतं. तुमचाही नंबर लिहा.

द्राक्षबाग_निफाड

सिस्टर ताई, पिंपळगावच्या बाजारातून आठ मच्छरदाण्या आणि सहा खाटा आणल्या. दोन खाटा जुन्या घरातल्या निघाल्या. नंबर ऑइलपेंटनं लिहिलेत. बायकोनं शेडमधल्या बायकांना पापण्यांचं आणि पोटदुखीचं समजावून सांगितलं. त्यातल्या एका आजीनं सांगितलं, तिचा भाऊ असाच झोपेत गेला होता. त्यांनी नजर लागली म्हणून सोडून दिलं होतं.

आणि काल रात्रीचं. लाईट साडेअकराला आली. गमबूट घातले, मोठी बॅटरी घेतली, काठी आपटत गेलो. पेटीपासून चार हातांवर कुकरची शिट्टी वाजावी तसा आवाज. उजेड टाकला तर घोणस, वेटोळं घालून, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. वडील सोबत होते, त्यांनी काठी उचलली. मी म्हटलं, थांबा आप्पा. दोघं मागे सरून बांधावर उभे राहिलो. सात-आठ मिनिटं ती हलली नाही. मग सावकाश उसाच्या कडेला गेली. आप्पा म्हणाले, आता कर चालू. मोटर चालू केली आणि घरी आलो. लांबून काढलेला फोटो जोडतोय, घोणसच ना?

रानवाट

घोणसच. पोट फुगीर दिसतंय, मादी असावी. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं घालते, एका वेळी वीस-तीस सहज. उद्या दिवसा उजेडात पेटीभोवतीचं गवत काढून टाका, पण हातानं नको, लांब दांड्याच्या कोयत्यानं. पेटीजवळची विटांची रास हलवायची असेल तर मला फोन करा, मी येतो.